दोन बोटं खाली

कोल्हापुरात माणसाचा खांदा त्याच्या एकट्याच्या मालकीचा नसतो. रस्त्यात भेटलेला मित्र "काय भावा!" म्हणत त्यावर अशी थाप हाणतो की चहाचा कप हातातून सुटावा, पण थाप प्रेमाची असल्यामुळं तक्रारीला जागा नसते. तालमीत त्याच खांद्यावर माती पडते, गणपतीच्या मिरवणुकीत कुणाचं तरी पोरगं बसतं आणि चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठीचा भार येतो. शेवटी पंचगंगेच्या घाटाकडं निघायचं तरी दुसऱ्यांचे चार खांदे लागतातच. त्यामुळं इथं एखाद्याचा खांदा दुखावला तर ते दुखणं त्याचं राहत नाही, गल्लीचं होतं.

आमच्या मामांचा डावा खांदा असाच गल्लीचा झाला.

मामा साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. शेतकऱ्यानं गाडी आणायची आणि काट्याबद्दल शंका घ्यायची, यातच त्यांचा जन्म गेला. त्यामुळं पुरावा, पावती, नोंद, सही या गोष्टींचा त्यांना भारी सोस. गेल्या पावसाळ्याआधी डॉक्टरांनी सांगितलं, वय झालंय, फ्लूची लस घेऊन टाका. मामा एका खासगी दवाखान्यात गेले. नाव सांगत नाही, कारण शेजारच्या वकीलसाहेबांनी सांगू नका म्हणून बजावलंय.

तिथं जे घडलं ते मी शेजारी उभा राहून पाहिलंय. मामांच्या अंगात लांब बाह्यांचा, दंडाला घट्ट बसणारा टेरिकॉटचा शर्ट. बाही वर जाईना. बाहेर पंधरा माणसं खोळंबलेली, त्यात एकाचं बाळ रडत होतं. टोचणारा पोरगा म्हणाला, "काका, वरची दोन बटणं काढा आन् कॉलर जरा खाली घ्या." मामांनी कॉलर खाली ओढली. बाहीतून दंड काही आला नाही, गळ्यातून खांद्याचा शेंडा मात्र बाहेर आला. पोरगा उंच, तोही उभा, मामाही उभे. जे समोर दिसलं तिथं त्यानं सुई घातली. स्पिरिटचा बोळा फिरवला तो तर जवळजवळ हाडावरच. "झालं, जावा," म्हणाला. सगळा कार्यक्रम नाक शिंकरण्याइतक्या वेळात उरकला.

त्याच रात्री मामांचा खांदा ठणकायला लागला. लसीनं एकदोन दिवस दुखतंच, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. पण दिवस गेले, आठवडे गेले, आणि हात छातीच्या वर जाईना. खुंटीला शर्ट अडकवता येईना, पाठ खाजवता येईना. रिक्षाला हात करावा तर तो अर्ध्यावरच थांबायचा. रिक्षावाल्यांना वाटायचं, म्हातारा 'नको नको' म्हणतोय. ते निघून जायचे. घरी आलेला एक दूरचा भाचा तर तो अर्धवट उचललेला पंजा बघून थेट पायाच पडला. मामांनीही आशीर्वाद देऊन टाकला. हात आयताच त्या उंचीवर होता.

मग निदानं सुरू झाली. तालमीचे वस्ताद म्हणाले, "खांदा उतरलाय. आडवं व्हा, चढीवतो." मामा उभेच राहिले, आणि तेही दाराच्या जवळ. दूध कट्ट्यावरच्या एकानं वात सांगितला. मामी म्हणाल्या, रात्री पंखा अंगावर घेऊन झोपता, आणखी काय होणार? समोरच्या बंगल्यातल्या निवृत्त मास्तरांनी लसच वाईट म्हणून भाषण ठोकलं आणि ते ऐकायला जमलेल्या चौघांनी आपापल्या दुखण्यांचं खापरही लसीवर फोडून घेतलं. त्यात एकाचा गुडघा होता.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय बघून उलगडा केला. लस चांगलीच होती, जागा चुकली. खांद्याच्या टोकाला जे हाड हाताला लागतं, त्याच्या खाली दोन-तीन बोटं सोडून दंडाच्या जाड स्नायूत सुई जायला हवी. ती फार वर गेली तर स्नायूऐवजी सांध्याशेजारच्या पाण्याच्या पिशवीत जाते. ही पिशवी घर्षण कमी व्हावं म्हणून निसर्गानं ठेवलेली. लस म्हणजे शरीराला चिथावणारं औषध. ते स्नायूत गेलं तर चिथावणी दोन दिवसांत शमते. पिशवीत गेलं तर तिथं महिनोन्‌महिने दंगल चालते, आणि पुढं खांदा आखडतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये अशा १३ जणांच्या खांद्यांवर शोधनिबंध लिहिला आणि या दुखण्याला रीतसर नाव दिलं. म्हणजे मामा एकटे नव्हते. हे कळल्यावर त्यांना बरं वाटलं. दुखणं तेवढंच राहिलं.

"उपाय काय?" मामांनी विचारलं.

"व्यायाम. आणि नाही सुटला तर तिथंच एक इंजेक्शन."

"तिथंच?"

"तिथंच. पहिलं तिथं चुकून गेलं, हे मुद्दाम घालायचं."

मामा घरी येऊन बराच वेळ गप्प होते.

इथवर हे एका खांद्याचं दुखणं होतं. ते कोर्टाचं झालं आत्याच्या पोराच्या फोनमुळं. तो न्यू जर्सीत असतो. म्हणाला, "मामा, इथं असता तर पैसे मिळाले असते." कोल्हापूरच्या माणसाला हे वाक्य ऐकवू नये.

पण पोरगं खोटं बोलत नव्हतं. अमेरिकेत १९८० च्या दशकात लसकंपन्यांवर इतके दावे पडले की कंपन्या लस बनवायचंच सोडायला लागल्या. तेव्हा तिथल्या सरकारनं १९८६ मध्ये कायदा केला. लसीच्या डोसावर, ती जितक्या रोगांपासून वाचवते त्या प्रत्येक रोगामागं ७५ सेंट कर घ्यायचा, तो एका निधीत टाकायचा आणि लसीनं इजा झालेल्याला त्यातून भरपाई द्यायची. दावा कंपनीवर नाही, डॉक्टरवर नाही, टोचणाऱ्या पोरावर तर नाहीच. दावा सरकारच्या आरोग्यमंत्र्यावर. चूक कुणाची हे सिद्ध करायचं नाही. कोणत्या लसीनंतर किती वेळात काय झालं तर ते लसीमुळं धरायचं, याचा तक्ताच छापलेला आहे. त्या तक्त्यात २०१७ मध्ये खांद्याचं दुखणं दाखल झालं: टोचल्यापासून ४८ तासांच्या आत दुखायला लागलं पाहिजे, त्याच खांद्यात, आणि आधी तो खांदा दुखत नसला पाहिजे. वेदनेपोटी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर. आणि सगळ्यात कहर म्हणजे, दावा प्रामाणिक असेल तर वकिलाची फीदेखील त्याच निधीतून, हरलात तरी.

या शेवटच्या वाक्याला आमचे शेजारी वकीलसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. "हरलं तरी?" असं त्यांनी तीनदा विचारलं. त्यांचा आवाज भरून आला होता.

पोरानं एक गोष्ट मात्र मागाहून सांगितली. कोविडची लस या निधीत येत नाही. तिच्यासाठी वेगळी खिडकी आहे, तिथं एका वर्षात अर्ज करावा लागतो, वकिलाचे पैसे मिळत नाहीत आणि भरपाई मिळालेली माणसं अगदी थोडी. म्हणजे अमेरिकेतसुद्धा खांद्यात काय टोचलं होतं, यावर खांद्याची किंमत ठरते. वकीलसाहेब परत बसले.

आता आपल्याकडची रीत. वकीलसाहेबांनी पाय वर घेऊन पहिला प्रश्न टाकला, "मामा, तुम्ही ग्राहक आहात का?"

"मी पेशंट आहे."

"पेशंटला कोण विचारतंय? पैसे दिले होते का?"

सगळी मेख इथंच आहे. सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये निकाल दिला की डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्याखाली येते. पण जिथं सगळ्यांनाच सगळं फुकट मिळतं, तिथला रुग्ण ग्राहक नाही. केसपेपरचे किरकोळ पैसे भरले असले तरी ते नोंदणीपुरते, त्यानं काही फरक पडत नाही. वकीलसाहेबांनी कोविडचं उदाहरण दिलं. २०२१ मध्ये खासगी रुग्णालयात कोविशील्डचा डोस जास्तीत जास्त ७८० रुपयांना होता आणि त्यात टोचण्याचं सेवाशुल्क होतं १५० रुपये. सरकारी केंद्रात तीच लस, तीच सुई, फुकट. आता दोन सख्खे भाऊ घ्या. एकानं ७८० मोजून खांदा दुखवून घेतला, दुसऱ्यानं रांगेत उभं राहून फुकट. पहिल्याच्या बाबतीत १५० रुपयांच्या सेवेत त्रुटी राहिली असं म्हणता येईल. दुसऱ्याला नुसताच खांदा दुखतो. त्या दुखण्याला कायद्यात बसायला खुर्ची नाही. त्यानं दिवाणी कोर्टात जावं आणि नातवंडांना तारखा वाटून द्याव्यात.

मामांनी पैसे दिले होते. पण पावती? वजनकाट्यावर आयुष्य काढलेल्या माणसाकडं पावती नव्हती! मागितली होती, तेव्हा "काका, प्रिंटर बंद हाय" असं उत्तर मिळालं होतं. मग आठवलं की पैसे नातवाच्या मोबाईलवरून गेले होते. पुरावा सापडला, पण नवीच पंचाईत झाली: पैसे नातवाचे, म्हणजे ग्राहक नातू, खांदा मामांचा. नातू लगेच म्हणाला, "मग भरपाई माझ्या खात्यावर येणार?" वकीलसाहेबांनी त्याला बाहेर खेळायला पाठवलं. दुसऱ्यानं पैसे भरून ज्याला सेवा मिळाली तोही कायद्यानं ग्राहकच, असा त्यांनी खुलासा केला तेव्हा मामी देवापुढं साखर ठेवून आल्या.

२०१९ चा ग्राहक कायदा तसा गरिबाचा आहे, हे कबूल केलं पाहिजे. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, आपण राहतो त्याच जिल्ह्यात करता येते, वकील नसला तरी चालतो. हे शेवटचं वकीलसाहेबांनी जरा पुटपुटत सांगितलं. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. कायदा तर असंही म्हणतो की समोरच्याला नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत निकाल द्यावा. या वाक्यावर मात्र खोलीतले सगळेच हसले.

अडचण पुढं आहे. नुसतं दुखतंय म्हणून भागत नाही. टोचणाऱ्यानं हयगय केली हे दाखवावं लागतं. त्याला दुसऱ्या डॉक्टरचं मत लागतं. आणि गावातला डॉक्टर गावातल्या डॉक्टरविरुद्ध लिहून देत नाही, कारण रविवारी दोघं एकाच पंगतीत तांबडा रस्सा ओरपत असतात.

मामांनी मग सरकारी वाट धरून पाहिली. लसीनंतर काही बिघडलं तर नोंद करायची पद्धत आपल्याकडं आहे, जिल्ह्याजिल्ह्यात त्याचे अधिकारी आहेत, समित्या आहेत. कारणांचे मुख्य रकाने पाच: लसीमुळं, लसीच्या दर्जातल्या दोषामुळं, टोचण्यातल्या चुकीमुळं, टोचण्याच्या भीतीमुळं आणि योगायोगानं. मामांचा रकाना उघड तिसरा. पण त्यांना रात्रभर पाचव्याची धास्ती. "योगायोग लिहिलं की संपलं बघ," ते म्हणायचे. आणि तिसरा लिहिला तरी काय? समिती कारण शोधते. पैशाची पेटी तिच्याजवळ नाही.

केंद्र सरकारनंही हेच सांगितलं होतं, जरा मोठ्या आवाजात. कोविडच्या लसीनंतर दगावलेल्या दोन मुलींच्या आईवडिलांची याचिका सुप्रीम कोर्टात होती. ते दुःख असं की त्याच्यापुढं खांद्याचं नाव काढू नये. त्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रानं प्रतिज्ञापत्र दिलं: लस घेणं ऐच्छिक होतं, सरकारला थेट जबाबदार धरता येणार नाही, भरपाई हवी तर दिवाणी कोर्ट आहे, ग्राहक आयोग आहे. ऐच्छिक होतं हे खरंच. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात एक तरी डोस घेतल्याशिवाय पेट्रोल, गॅस आणि रेशन मिळणार नाही असा हुकूम निघाला होता. ज्याची इच्छा उपाशीपोटी चालत जायची असेल त्याच्यावर सक्ती अजिबात नव्हती.

मला यातली एकच गोष्ट पटत नाही, आणि ती मामांच्या बाजूची म्हणून नव्हे. चूक कुणाची ते न विचारता भरपाई द्यायची, ही कल्पना आपल्याला परकी नाही. मोटार वाहन कायद्यात २०२२ पासून सोय आहे: वाहनाच्या अपघातात गंभीर दुखापत झाली तर अडीच लाख, मृत्यू झाला तर पाच लाख, ड्रायव्हरची चूक सिद्ध न करता. म्हणजे लस घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मामांना टेम्पोनं उडवलं असतं, खांद्याचं हाड मोडलं असतं, तर कुणाचं चुकलं हे कुणी विचारलं नसतं. पायऱ्यांच्या वर आतमध्ये सुईनं तोच खांदा धरला, तर आधी गुन्हेगार आणा.

आणि गुन्हेगार शोधणं किती अवघड असतं? मुंबईत ज्यांच्या नावाची संस्था आहे त्या हाफकिन साहेबांना विचारा. त्यांच्या प्लेगच्या लसीनं हजारो जीव वाचत होते. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचली आणि त्यातले १९ धनुर्वातानं गेले. सगळे एकाच बाटलीतले. चौकशीत ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला आणि त्यांची नोकरी गेली. गावात जमिनीवर पडलेला चिमटा नीट निर्जंतुक न करताच त्या बाटलीसाठी वापरला होता, ही गोष्ट पुढं आली. नामांकित शास्त्रज्ञ भांडले तेव्हा कुठं १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. बाटली की चिमटा, एवढं ठरवायला पाच वर्षं लागली, आणि तिथं एका बाजूला जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होता. इथं मामा आहेत आणि प्रिंटर बंद आहे.

मधेच मामांनी हायकोर्टाचा हट्ट धरला. त्याचं असं झालं की, मामा व्यायामासाठी सीपीआर हॉस्पिटलला जायला लागले. आणि सीपीआरच्या समोरच, भाऊसिंगजी रोडवरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत, १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच बसतंय. सहा जिल्ह्यांचं काम तिथं चालतं. त्यासाठी कोल्हापूरनं चाळीस वर्षांहून जास्त काळ मोर्चे काढले, उपोषणं केली, काम बंद ठेवलं. "एवढं भांडून आणलंय," मामा म्हणाले, "तर वापरायला नको व्हय? रस्ता ओलांडला की झालं."

"मामा, हायकोर्ट म्हणजे नवा मिक्सर नव्हे, आणलाय म्हणून चटणी वाटून बघायला," वकीलसाहेब म्हणाले, आणि तक्रार ग्राहक आयोगाकडंच गेली.

तक्रारीचा मसुदा वाचण्यासारखा झालाय. उपचाराचा खर्च, प्रवासखर्च, 'शारीरिक व मानसिक त्रासापोटी' आणि 'तक्रारीच्या खर्चापोटी' हे ठरलेले रकाने आलेच. मामांनी आग्रहानं आणखी एक घातला: चैत्र यात्रेत सासनकाठीला हात लावता आला नाही, त्यापोटी. वकीलसाहेब म्हणाले, याची रक्कम कशी काढायची? मामा म्हणाले, जोतिबाला विचारून सांगतो. तो रकाना अजून कोराच आहे. भाच्याच्या लग्नात स्वतःचा फेटा स्वतः बांधता आला नाही, हेही घालायचं होतं, पण मामींनी अडवलं. म्हणाल्या, तुम्हाला आधी तरी कुठं येत होता?

सध्या परिस्थिती नाजूक आहे. खांदा हळूहळू सुटतोय. असे आखडलेले खांदे वर्ष-दोन वर्षांत बरेचसे मोकळे होतात, तसा हाही होतोय. व्यायाम घेणारी मुलगी रोज म्हणते, "काका, अजून वर, अजून वर, शाब्बास!" आणि संध्याकाळी वकीलसाहेब कुंपणावरून म्हणतात, "मामा, तारखेपर्यंत एवढा वर करू नका." परवा मामा भडकले. "एकाला पैसे देतो हात वर करायचे, दुसऱ्याला देतो न करायचे! हात माझा हाय का नाही?" आणि रागाच्या भरात त्यांनी हात असा उचलला की गल्लीतून जाणारी रिक्षा थांबली. वकीलसाहेबांनी मान फिरवली. आपण काही पाहिलं नाही, असं ते म्हणतात.

मामा आयोगापुढं हात जितका जातो तितकाच उचलणार आहेत. काट्यावर त्यांनी कधी एक किलो मारला नाही, आता खांद्यात कसा मारतील? आणि यंदाची फ्लूची लस त्यांनी उजव्या दंडात घेतलीसुद्धा. लसीशी त्यांचं भांडण नाही.

तेव्हा तुम्हीही लस घ्या, जरूर घ्या. फक्त बसून घ्या, आणि टोचणाऱ्यालाही बसायला सांगा. कॉलर ओढू नका, शर्टातून हात सरळ बाहेर काढा. लाज वाटत असेल तर आत बंडी घालून जा. खांद्याचं हाड चाचपा आणि त्याच्या खाली दोन-तीन बोटं सोडून टोच म्हणून सांगा, समोरचा कितीही शिकलेला असला तरी. आणि पैसे दिले असतील तर पक्की पावती मागा. लसीचं नाव, बॅच नंबर, तारीख आणि तुमचं नाव तिच्यावर आहे का, हे दवाखान्याच्या आतच वाचून घ्या. प्रिंटर बंद असेल तर हातानं लिहून द्या म्हणावं.